इचलकरंजीचं स्थळ

"म्हण बघू एखादं," मुलाची आई म्हणाली, आणि मी पोह्यांच्या बशा तशाच ठेवून सतरंजीवर बसले.

आमच्याकडं हे ठरलेलंच होतं. आधी पोहे, मग नाव, शिक्षण. मग आण्णा घसा खाकरून म्हणायचे, "गाण्याच्या परीक्षा दिल्यात तिनं." की समोरून कुणीतरी म्हणायचंच, म्हण बघू एखादं. मी दर वेळी एकच अभंग म्हणायची. क्लासच्या बाईंनी बसवून घेतलेला, बेताच्या आवाजातला, कुणाला खुपणार नाही असा. आपण बैठकीत गातोय, बाजारात नाही, असं बाई सांगायच्या. त्यामुळं माझं गाणं आमच्या बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायचं आणि तिथंच थांबायचं.

अभंग संपला. मुलाच्या आईनं "छान हो" म्हटलं. तोवर गप्प असलेला मुलगा एकदम म्हणाला, "तुमाला मोठ्यानं गाता येतं का?"

"अरे, आत्ता ऐकलंस की," त्याची आई म्हणाली.

"न्हाई, म्हणजे लांबवर ऐकू जाईल असं."

सगळे हसले. "यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलाय, कान गेलेत त्याचे," असं त्याच्या आईनं सांभाळून घेतलं. मी म्हटलं, "तसं कधी गायले नाही." त्यानं डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली आणि उरलेले पोहे खाल्ले.

मुलाचं नाव सुहास मुसळे. इचलकरंजीत घरचे माग होते. त्याच्याआधी आमच्याकडं बरीच स्थळं येऊन गेली होती. कुणाला माझा चष्मा नको होता, कुणाला उंच मुलगी हवी होती, आणि बहुतेकांनी काहीच न सांगता "कळवतो" म्हणून कळवलंच नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते, बी.कॉम. होऊन कराडातल्या एका पतसंस्थेत नोकरीला होते. आण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. हळू बोलणारा माणूस. मुलीचा बाप म्हणून लोकांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसायची त्यांना सवय लागली होती.

आठवड्याच्या आत इचलकरंजीहून फोन आला. मुलगी पसंत आहे, घर बघायला या. आण्णांनी पेढे आणले नाहीत, पण ठेवणीतला शर्ट काढून इस्त्रीला दिला. आईला त्या दिवसांत गुडघ्यानं हलता येत नव्हतं, म्हणून रविवारी आम्ही दोघंच एसटीनं निघालो.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. खटखट, खटखट, गल्लीगल्लीतून. पहिल्यांदा वाटलं जवळपास कुठंतरी गिरणी असेल. पण पुढच्या गल्लीतही तेच, त्याच्या पुढच्या गल्लीतही तेच. लोक रस्त्यात एकमेकांशी भांडल्यासारखे बोलत होते. नीट ऐकलं तर कळायचं, भांडण नाही, तब्येतीची विचारपूस चाललीय.

सुहासच्या आईनं आमचं चांगलं केलं. शिरा झाला, चहा झाला. त्या आणि आण्णा नात्यातली माणसं शोधायला लागले, तेव्हा सुहास म्हणाला, "आई, ह्यांना कारखाना दाखवून आणतो."

"कारखान्यात काय बघायचंय? आज आपलं बंद हाय."

"पूनम येतीय की बरोबर."

पूनम त्याची धाकटी बहीण, कॉलेजला होती. ती थर्मास घेऊन तयारच उभी होती. मी आण्णांकडं पाहिलं. त्यांनी जा म्हणून मान हलवली.

कारखाना म्हणजे घरामागच्या बोळातून पुढं गेल्यावर एक लांबलचक पत्र्याची शेड. निम्म्या भागात माग होते, बंद. उरलेला निम्मा भाग मोकळा होता, आणि तिथं ड्रम मांडले होते. गणपतीत वाजवतात तसले नव्हेत. पायानं वाजवायचा मोठा, हातानं वाजवायचे लहान, वर पितळी झांजा. एक काळा, केस वाढवलेला मुलगा गिटारला तार चढवत बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला.

"हा अस्लम," सुहास म्हणाला. "चौकात टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय ह्याचं."

पूनमनं थर्मास खाली ठेवला आणि एका कॅसिओमागं जाऊन बसली. घर बघायला आलेल्या मुलीला हे लोक कुठं घेऊन आले, असं माझ्या मनात आलं. दार उघडं आहे ना, तेही मी बघून घेतलं.

सुहासनं एक लाकडी पेटी पालथी घालून, फडक्यानं पुसून माझ्यापुढं सरकवली. "बसा. तुमच्या घरी तुमी गायलात. आता आमी गातो, तुमी बघा पसंत पडतंय का. उंची, शिक्षण, काय विचारायचं ते विचारा."

मला हसू आलं. कधी कुणी असं म्हटलं नव्हतं.

तो ड्रममागं बसला, पण वाजवेना. मान तिरकी करून शेजारच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट ऐकत राहिला. मग त्या ठेक्यातच त्यानं काठी टाकली, आणि पुढच्या क्षणी वाटलं की वरचा पत्रा कोसळला. मी दचकून दाराकडं बघितलं. आता कुणीतरी येणार आणि ओरडणार. कुणी आलं नाही. त्या गावच्या खडखडाटात हा आवाज कुणाला वेगळा ऐकूच गेला नसता, मग तक्रार कोण करणार. अस्लमची गिटार करवतीसारखी मध्ये घुसली आणि तो गायला लागला:

हळू बोलू नको, ऐकू येत न्हाई
कानात सांगायची इथं सोय न्हाई
असंल ते मनातलं वरडून सांग
सगळ्या गल्लीला कळू दे की गं बाई

मी रेडिओवर वाढलेली. नाट्यगीतं, भावगीतं, हिंदी पिक्चरची गाणी. गाण्यात चंद्र असतो, वाट असते, डोळे असतात, हे मला माहीत होतं. पण ज्या भाषेत मी दुधवाल्याशी हुज्जत घालायची, त्या भाषेत कुणी गाणं करतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या गाण्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई होती, तिला काहीतरी सांगू बघणारा माग चालवणारा होता, आणि मध्ये सगळा हा खडखडाट. आणि गाणारा खरोखरच ओरडून सांगत होता. माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती.

गाणं थांबलं. शेजारचे माग चालूच होते.

"कुठल्या पिक्चरचं हे?" मी विचारलं.

"कुठल्याच न्हाई," सुहास म्हणाला. "आमचं हाय. अस्लमनं लिवलंय, चाल तिघांची."

"मग ऐकतं कोण?"

अस्लम हसत सुटला. "बरोबर जागेवर विचारलंसा."

मग त्यांनी मला सांगितलं. तिघंही आधी एका ऑर्केस्ट्रात होते, दुसऱ्यांची गाणी वाजवून कंटाळले. म्हणून स्वतःचा बँड काढला, नाव ठेवलं 'धोटा'. मागावर इकडून तिकडं सुतासकट पळतो तो धोटा. त्यांच्यासारखे आणखी होते. अस्लमनं एका खोक्यातनं कॅसेटी काढून टेपवर एकेक लावली. मिरजेचा एक जण सतारीला मशीन लावून अशी वाजवत होता की ती रागावल्यासारखी वाटायची. कोल्हापूरची एक मुलगी आपल्या बंद पडलेल्या स्कूटीबद्दल गाणं म्हणत होती, आणि ते ऐकून हसू येत होतं. सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी परीक्षेत नापास झाल्याचं गाणं केलं होतं. ही सगळी मंडळी एकमेकांच्या कॅसेटी कॉपी करून वाटायची, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायची. कराडपासून एवढ्याशा अंतरावर हे सगळं चाललं होतं, आणि मी तिकडं उंबऱ्यापर्यंत पोचणारा अभंग म्हणत बसले होते.

"पसंत?" सुहासनं विचारलं.

"गाणं छान आहे," मी म्हटलं. "पण हे गाणारे 'वरडून सांग'ला बेसूर होतात. वर जाताना कमी पडतात."

पूनमनं टाळी वाजवली. "मी सांगत हुते का न्हाई!"

"आवो म्हणून तर तुमास्नी आणलंय," अस्लम बोलून गेला.

सुहासनं त्याच्याकडं असं बघितलं की मला कळलंच, काहीतरी आहे.

"म्हणून म्हणजे?"

सुहास काठ्या हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमची गाणारी होती ती नोकरीसाठी पुण्याला गेली. अस्लमचा आवाज पुरत न्हाई. कराडला मी आईच्या आग्रहानं आलो होतो. तुमी गायलात अन् मला वाटलं, ही बाई दाबून गातीय. हिनं तोंड उघडून गायलं तर..." तो थांबला. "घरी येऊन हो म्हणालो. दुसरं कसं बोलवणार तुमाला? तुमच्या वडलांना काय म्हणू, मुलगी बँडला द्या?"

"म्हणजे लग्न करायचंच नाहीये तुम्हाला."

"तसं न्हाई. तुमी म्हणाल तर लग्न बी करतो की."

मी उठले. त्या पेटीवरून कधी उठले, मला आठवत नाही. "उपकार करताय? माझे आण्णा तिकडं तुमच्या घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. किती जिने चढलेत त्यांनी माझ्यासाठी, माहीत आहे? प्रत्येक घरात हात जोडून उभे राहतात. आठवडाभर ते घरात गुणगुणत होते, कधी नव्हे ते! आणि तुम्हाला गाणारी पाहिजे होती!"

मी ओरडत होते. त्या जागेत ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं, पण तेवढंच कारण नव्हतं.

सुहासनं मान खाली घातली. "चुकलंच."

"दादा, मी म्हटलं हुतं खरं सांगून बोलव म्हणून," पूनम म्हणाली.

मी दाराकडं निघाले. मागं अस्लम काही न सुचल्यासारखा गिटारवर 'वरडून सांग'ची ओळ वाजवत होता, आणि म्हणत होता. वर गेला आणि पुन्हा कमी पडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथंच घसरला. रागावलेल्या माणसानं निघून जावं, ते मला जमलं असतं. पण सूर असा लोंबकळत ठेवून जाणं जमेना.

मी वळले. "तसं नाही. असं." आणि ती ओळ म्हणून दाखवली.

सुहासनं कानामागं हात धरला. "ऐकू आलं न्हाई."

मी पुन्हा म्हटली. त्यानं पुन्हा मान हलवली, नाही. तो चेष्टा करत नव्हता. खरोखरच शेजारच्या खडखडाटात माझा आवाज बुडत होता. मला आणखी राग आला. आण्णांच्या शर्टाचा राग, चष्म्याचा, "कळवतो" म्हणणाऱ्या सगळ्यांचा, आणि मी बशा ठेवून निमूट खाली बसत आले त्याचाही. मी पोटापासून श्वास घेतला आणि ती ओळ तिसऱ्यांदा म्हटली.

तो आवाज कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. घशातून नव्हता आला. तो शेडच्या पार टोकापर्यंत गेला, बंद मागांवरून गेला. अस्लमची बोटं आपोआप पुढच्या सुरावर गेली. सुहास काठ्या उचलून वाजवायला लागला, पूनम मागोमाग. मला शब्द पाठ नव्हते, अस्लम आधी सांगायचा आणि मी उचलायची. खांद्यावरची पिन टोचत होती. मी पदर ओढून कमरेला खोचला आणि अख्खं गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अस्लम आपल्या तारांकडं बघत बसला होता. पूनमनं थर्मासमधला चहा ओतून पहिला कप मला दिला.

"रविवारी येता?" सुहासनं विचारलं.

"मी काहीही सांगितलेलं नाही," मी म्हटलं आणि पदर सोडून नीट केला.

घरी आलो तर आण्णा खुर्चीत नव्हते. पान खाऊन येतो म्हणून बाहेर गेल्याचं सुहासच्या आईनं सांगितलं. आण्णांनी जन्मात कधी पान खाल्लं नव्हतं. थोड्या वेळानं ते आले, आणि पान न खाताच आले. निरोपाचं बोलणं झालं. "कळवतो," आण्णा म्हणाले, आणि आम्ही स्टँडवर आलो.

कराडची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "आण्णा, मला हे स्थळ नको आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पण मला तिथं गायचं आहे. रविवारी यायचं आहे." हे बोलताना माझा मलाच धीर होईना. ज्या घराला नकार द्यायचा त्याच घरी दर रविवारी जायचं, हे कुठल्या बापाला सांगायचं असतं?

"मी आलो होतो तिकडं," आण्णा म्हणाले.

"कुठं?"

"कारखान्यात. बराच वेळ झाला, आली नाहीस, म्हणून बघायला आलो. तर तू भांडत होतीस. आत यावं का नाही कळेना, दारामागं उभा राहिलो." ते समोरच्या फलाटाकडं बघत बोलत होते. "जिन्यांचं ऐकलं. जिने चढायचं मला काही वाटत नाही गं."

"मला वाटतं, आण्णा."

"हं." ते माझ्याकडं वळले. "मग तू गायलीस." एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि इस्त्रीच्या शर्टाला पुसला, शर्ट चुरगळेल याची पर्वा न करता. "क्लासची फी मी भरली. परीक्षेला मी घेऊन गेलो. आलेल्या प्रत्येक माणसापुढं तुला गायला मीच बसवलं. आणि तुझा आवाज असा आहे, हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं."



पुढं काय झालं तेही सांगते. नऊ वर्षं मी 'धोटा'मध्ये गायले. सांगली, मिरज, कोल्हापूर, कॉलेजांची गॅदरिंगं, मंडळांचे मांडव. दोन कॅसेटी निघाल्या आणि एक सीडी. या दोन-तीन जिल्ह्यांच्या बाहेर आम्हाला कुणी ओळखलं नाही, पण अजूनही कधी जयसिंगपूरच्या बाजारात एखादी माझ्याच वयाची बाई मला थांबवते आणि 'हळू बोलू नको'ची ओळ म्हणून दाखवते, भाजीची पिशवी हातात धरून. सुहासनं दोन वर्षांनी हुपरीच्या मुलीशी लग्न केलं, तिला आधी सगळं खरं सांगून. त्याच्या लग्नात आम्ही वाजवलं आणि नवरदेव स्वतःच ड्रमवर बसला. माझं लग्न त्यानंतर झालं, गाण्यातलं काही न कळणाऱ्या पण शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या माणसाशी. आण्णा आमच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत एकटे धोतर-टोपीत बसलेले असायचे आणि मधूनच शेजारच्याला सांगायचे, मुलगी आहे माझी. आता ते नाहीत.

पण मला त्यांचा त्या दिवशीचा फोन आठवतो.

स्टँडवर एसटीडीचं बूथ होतं. आण्णा बाकावरून उठले. "कळवतो म्हणायचं आणि माणसाला लटकत ठेवायचं, हे आपल्याला लोकांनी पुष्कळ केलं. आपण नको करायला," असं म्हणून त्यांनी खिशातून नंबर काढला आणि फिरवला. मी दारात उभी होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते नकार ऐकायला नाही, तर द्यायला उभे होते, आणि ताठ उभे होते.

"नमस्कार. मी कराडचा ढवळे बोलतोय. हो, स्टँडवरनंच. मुलीकडून नकार आहे."

पलीकडून सुहासच्या आईचा आवाज मला ऐकू येत होता. इचलकरंजीच्या माणसाचा फोन दारातही ऐकू येतो. "का हो? आमच्या पोरात काय खोट दिसली?"

"काही नाही. गुणी मुलगा आहे. पण त्या दोघांनाही लग्न करायचं नाहीये, आणि दोघांनाही सांगायला जमेना. म्हणून मी सांगतो."

"मला वाटलंच. एवढ्या लौकर हो म्हणाला तवाच वाटलं. कधी भाजी पसंत करत न्हाई लौकर."

"आणि आणखी एक होतं," आण्णा म्हणाले. "मुलगी रविवारी येईल तुमच्याकडं. दर रविवारी येईल."

"नकार हाय न्हवं?"

"नकार आहे."

"मग येणार कशाला?"

"गायला. तुमच्या कारखान्यात. सुहास, पूनम, तो गिटारवाला मुलगा आणि ही."

आण्णांनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. पलीकडं सुहासच्या आईनं कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं, बहुतेक पूनमला, आणि काहीतरी झाडाझडती झाली. मग त्या पुन्हा फोनवर आल्या आणि काहीतरी विचारलं.

आण्णांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला ते त्या वयाचे वाटलेच नाहीत.

"विचारतायत, रविवारी जेवायला करायचंय, तिखट चालतं का तुला?"